‘चावरी’ प्रौढ विभागात जाते

ग्रंथांची निवड म्हणजे समाजमनाची मशागत. आज मुलाच्या हाती जे पुस्तक पडतं, त्यातून उद्याचा माणूस उभा राहतो. हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या सभेच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. चौकटीखाली आणखी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ‘पंखा दोनच्या पुढे नेऊ नये, पडतो’ असं लिहिलंय. ग्रंथनिवड समितीच्या सभांना मी काही वर्षं जातो आहे. या दोन मजकुरांपैकी मनापासून पाळला जातो तो खालचा.

समितीवर माझी नेमणूक ‘वृत्तपत्रसृष्टीचा प्रतिनिधी’ म्हणून झाली. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी पुस्तकांची परीक्षणं लिहायचो. आता त्याला ‘परिचय’ म्हणतात. परीक्षणात पुस्तक टाकाऊ आहे असं म्हणायची सोय असते, परिचयात नसते. त्या सोयीसकट माझा बराचसा ताठपणाही गेला, आणि मग मी कुठल्याही समितीवर घेण्याजोगा झालो.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. वाचनालयाचे विश्वस्तही तेच. समोरच्याच्या तोंडात हात घालूनच सगळं आयुष्य गेल्यामुळे समोरच्यालाही बोलता येतं ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांच्या उजवीकडे प्राध्यापकबाई बसतात. त्या वाङ्मय शिकवतात. पुस्तक हातात न घेता त्यावर दहा मिनिटं बोलू शकतात. हातात घेतलं तर पाचच. डावीकडे बालमानसतज्ज्ञ. मुलांवर त्यांचा फार अभ्यास आहे, पण प्रत्यक्ष मूल समोर आलं की एखादा दूरचा नातेवाईक पाहुणा म्हणून टपकावा तसा त्यांचा चेहरा होतो.

आणि टेबलाच्या टोकाला, दाराकडे, सचिव म्हणून मुलांच्या विभागाची ग्रंथपाल. ही माझी सख्खी धाकटी बहीण. समितीला हे माहीत आहे. त्यामुळे मी तिच्या बाजूने काही बोललो की सगळे समजूतदारपणे माना हलवतात आणि “साहजिक आहे” म्हणतात. विरुद्ध बोललो तर “बघा, सख्खा भाऊसुद्धा!” म्हणतात. म्हणून मी बिस्किटं खातो.

समितीची कामाची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रकाशकांकडून नमुन्याच्या प्रती येतात आणि टेबलावर त्यांचे दोन गठ्ठे लागतात. एक मुलांचा, एक मोठ्यांचा. मुलांची पुस्तकं पातळ, अक्षर ठसठशीत, पानोपानी चित्रं. चहा निवेपर्यंत वाचून होतात. म्हणून ती वाचली जातात. आणि वाचली, की त्यांत काही ना काही सापडतंच. एका पुस्तकातली शेळी घरात न सांगता फिरायला जाते: ‘पलायनवृत्तीचं उदात्तीकरण’. एकात चंद्र बोलतो: ‘अशास्त्रीय’. एकात चंद्र बोलत नाही, त्याच्यावर खड्डे कसे पडले ते सांगितलंय: ‘रुक्ष’. एकात आजोबा नातवाशी पत्ते खेळताना फसवतात. त्यावर तर अध्यक्षांनी पुस्तक दोन बोटांत धरून शिपायाकडे दिलं, जसं काही त्यातून काहीतरी गळत होतं.

मोठ्यांची पुस्तकं जाड. ती वाचायला आठवडा लागेल आणि समितीची सभा दोन तासांची. तेव्हा ती उलटी करून मलपृष्ठ बघतात, वजन बघतात आणि मंजूर करतात. गेली तीन वर्षं मोठ्यांच्या गठ्ठ्यातलं एकही पुस्तक नापास झालेलं नाही. एकदा त्यात ट्रॅक्टर दुरुस्तीची पुस्तिका आली होती. तीही ‘ग्रामीण जाणिवेची’ म्हणून पास झाली.

थोडक्यात, आमच्याकडे वाचलं गेलेलं पुस्तक नापास होतं आणि न वाचलेलं पास. मुलांच्या वाट्याला उरतात ती पुस्तकं, ज्यांच्या शेवटच्या पानावर चौकट असते आणि चौकटीत ‘यावरून आपण काय शिकलो?’ असं विचारलेलं असतं. ही पुस्तकं समितीतले लोक चौकटीपासून सुरू करतात, आणि तिथेच थांबतात. मुलंही शेवटचं पान आधी बघतात. चौकट दिसली की पुस्तक मिटून स्टुलावर ठेवतात आणि घरी जातात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मुलांचा विभाग तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. छत तिरकं, मोठा माणूस आत शिरला की एकदा तरी डोकं आपटतो, आणि ते बघायला पूर्वी मुलं टपून बसलेली असायची. बुटकी स्टुलं, सतरंजी, मुलांच्या हनुवटीला येईल अशी खिडकी. बहिणीने हा विभाग जिना झाडण्यापासून उभा केला. पण चौकटींच्या पुस्तकांनी मुलं हळूहळू आटली. मग विश्वस्तांनी ठरवलं, की या वर्षअखेर मुलांची संख्या वाढली नाही तर विभाग बंद करायचा आणि त्या खोलीत ज्येष्ठ नागरिकांसाठी ध्यानकक्ष करायचा. कल्पना अध्यक्षांची. वाचनालयात काहीही वाचायला न लागणारी एक खोली असावी असं त्यांचं जुनं स्वप्न होतं.

म्हणून सभेच्या आदल्या दुपारी बहिणीने मला खाली बोलावलं. मी डोकं आपटून आत गेलो.

“हं, झालं आपटून? आता बस. नाही, त्या स्टुलावर नको, मोडशील. खाली बस.”

मी खाली बसलो. तिने पाठीमागून एक पुस्तक काढून माझ्या मांडीवर टाकलं. पुठ्ठ्याचं कव्हर, मोठा चौकोनी आकार. नाव ‘चावरी’. चित्रात एक मुलगी, तिचं तोंड उघडं.

“वाच.”

वाचलं. एक मुलगी असते, ती सगळ्यांना चावते. टेबलाला, छत्रीला, दप्तराला, पापे घेणाऱ्या काकाला. काका बोंबलतो, ते चित्र दोन पानं व्यापून होतं. शेवटी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेतात. ती डॉक्टरच्या बोटाला चावते. डॉक्टर बोट वर धरतो, डोळ्यांजवळ नेतो, निरखतो आणि म्हणतो, “खालचा एक पडलाय वाटतं.” मुलगी हसते. खाली एक फट दिसते. संपलं. चौकट नाही, शिक्षा नाही, सॉरी नाही.

मला हसू आलं. खूप दिवसांनी पुस्तक वाचून आलं, म्हणून जरा अवघडल्यासारखं झालं.

“चांगलंय,” मी म्हणालो.

“चांगलंय काय, दादा! हा नमुना मी फक्त एक दिवस स्टुलावर ठेवला होता. चार मुलं आली होती. दुसऱ्या दिवशी बारा आली. बाहेरच्या दारापासून रांग. हा बघ कोपरा.”

कव्हरचा कोपरा चावलेला होता. नीट, अर्धगोल, ठसे उमटलेले.

“कोणी केलं हे?”

“विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी हात वर केले असते.”

“अगं, पण अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत.”

“माहितीय मला. माझी दाढ त्यांनीच काढलीय. दुखत होती तिच्या शेजारची.”

“मग? बोटाचं चित्र बघितल्यावर ते पुस्तक गिळतील?”

“मुलांच्या गठ्ठ्यात ठेवलं तर बघतील,” ती शांतपणे म्हणाली. “मोठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं तर कोण बघणार आहे?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. लहानपणी भाजी ताटाखाली लपवताना तिचा चेहरा असाच निर्मळ असायचा.

“यादी एकच होते, दादा. त्यात विभाग लिहायची पद्धत नाही. मंजूर झालं की मागणीपत्र मीच पाठवते. सहा प्रती आल्या की मी त्या इथे आणून ठेवणार. वरच्या मजल्यावर कुणाला पत्ता लागणार नाही. सहा प्रती असल्या ना, वर्षअखेर मला खोली पुरायची नाही.”

“आणि मी काय करायचं?”

“नेहमी करतोस तेच. बिस्किटं खायची.”

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो. दोन गठ्ठे लागलेले होते. मोठ्यांच्या गठ्ठ्यात मधोमध, एका त्रिखंडात्मक कादंबरीच्या आणि मधुमेहावरच्या एका ग्रंथाच्या पोटात, ‘चावरी’ चेपून बसली होती. चौकोनी असल्यामुळे तिचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. चावलेला तो आतल्या बाजूला होता. बहिणीने कानामागे केस सारले. याचा अर्थ सगळं ठीक.

मग मला टेबलावरचे दोन शिक्के दिसले.

“सुरुवातीला एक निवेदन,” अध्यक्ष म्हणाले. “गेल्या वर्षीचं सशाचं प्रकरण आपल्या लक्षात असेल.”

सगळ्यांच्या लक्षात होतं. गेल्या वर्षी कव्हरवर ससा असलेली एक कादंबरी ‘बालसुलभ’ म्हणून मंजूर झाली आणि मुलांच्या कपाटात गेली. एक आजोबा ती नातीला वाचून दाखवायला बसले. अकराव्या पानावर त्यांनी नातीला बाहेर खेळायला पाठवलं, पुस्तक स्वतः घरी नेलं, पूर्ण केलं, आणि मग अतिशय कडक शब्दांत तक्रार केली. ससा फक्त कव्हरवर होता.

“असे घोटाळे पुन्हा व्हायला नकोत. म्हणून आजपासून प्रत्येक मंजूर प्रतीवर इथेच, माझ्या हाताने विभागाचा शिक्का बसेल. हा ‘बाल’. हा ‘प्रौढ’. एकदा शिक्का बसला की विषय संपला.”

मी बहिणीकडे बघितलं. तिने कानामागचे केस पुन्हा पुढे घेतले होते.

आधी मुलांचा गठ्ठा. ती कत्तल मी सविस्तर सांगत नाही. चहा आला तेव्हा सुरू झाली आणि चहा निवायच्या आत आटोपली. पावसात भिजणाऱ्या मुलाचं पुस्तक गेलं, कारण त्याला सर्दी होत नाही. भुताला घाबरवणाऱ्या मुलीचं पुस्तक गेलं. बालमानसतज्ज्ञ म्हणाले, भीती ही मुलाची नैसर्गिक गरज आहे. प्राध्यापकबाईंनी एका पुस्तकाला “यात अवकाशच नाही” म्हटलं. ते अवकाशयानाबद्दल होतं. उरलं एक. ‘नियमांच्या गावा जाऊ’. त्याला प्रत्येक पानावर चौकट होती. अध्यक्षांनी समाधानाने ‘बाल’चा शिक्का उचलला, शाईत दाबला आणि ठप्प केलं.

मुलांचं वर्ष आटोपलं.

मला अशा वेळी जे होतं त्याला चीड म्हणता येणार नाही. चिडायला समोर माणूस लागतो. हे जरा पोटातून येतं. बसमध्ये शेजारचा माणूस नखं कापत बसला की येतं तसं. मी बिस्कीट खाली ठेवलं.

मोठ्यांचा गठ्ठा मात्र सुसाट सुटला. बाई मलपृष्ठ बघत, “महत्त्वाचं,” म्हणत. ठप्प. “दखल घ्यावी असं.” ठप्प. त्रिखंडात्मक कादंबरी उचलता उचलता अध्यक्षांच्या मनगटातून कट् असा आवाज आला. “वजनदार,” ते म्हणाले. ठप्प, ठप्प, ठप्प. आणि मग त्यांच्या हातात ‘चावरी’ आली.

“हे पातळ आहे.”

“कवितासंग्रह असेल,” बालमानसतज्ज्ञ म्हणाले.

“हे माझ्या परिचयाचं आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी कव्हरवरचं उघडं तोंड दुरूनच बघितलं आणि डोळे किंचित मिटले. “स्त्रीच्या दडपलेल्या संतापाची संहिता आहे ही. शतकानुशतकं मिटलेलं तोंड इथे उघडतं. दात हे इथं प्रतीक आहे, डॉक्टर.”

“दात?” अध्यक्षांना बरं वाटलं. त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं. नेमकं बोटाचं पान. दातांचा डॉक्टर, त्याचं बोट, बोटावर मुलगी.

मी वर पंख्याकडे बघितलं. दोनवर होता.

“हे चित्र…” अध्यक्ष म्हणाले.

“प्रौढ वाङ्मयात आता चित्रं येतात,” बाई म्हणाल्या. “हे दृश्य फार सूचक आहे. वेदना देणारी सत्ता आणि तिच्यावर उलटणारं शरीर.”

“तसं असेल तर ठीक आहे. मुलांच्या पुस्तकात असतं तर मी खपवून घेतलं नसतं. मोठ्यांच्या साहित्यात चालतं.” त्यांनी चित्र जरा लांब धरलं. “मात्र दाढ इथे नसते. ते कळवा प्रकाशकांना.”

“आणि हे संदर्भ विभागात हवं,” बाई म्हणाल्या. “अभ्यासकांसाठी. घरी न्यायला नको.”

ठप्प.

‘प्रौढ’. जांभळा, गोल, मुलीच्या कपाळावर. बहिणीने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, शिक्का तर शिक्का. मंजूर झालंय, पुढे बघू काही तरी. आणि अध्यक्षांनी पुस्तक मंजूर गठ्ठ्यावर ठेवायला फिरवलं, तेव्हा चावलेला कोपरा त्यांच्या अंगठ्याला लागला.

ते थांबले. अंगठा उचलून बघितलं. मग खिशातून दुसरा चष्मा काढला, तो कामाचा. पुस्तक खिडकीकडे तिरकं धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही पुस्तकाकडे इतकं लक्ष देऊन बघितल्याचं मला आठवत नाही.

“हे दात आहेत,” ते म्हणाले.

“प्रतीक,” बाई म्हणाल्या.

“प्रतीक नाही हो, दात. खरे. दुधाचे.” त्यांनी करंगळीने ठसे मोजले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. “सहा वर्षं. फार तर सात. जबडा छान आहे. खालचा एक पडलाय वाटतं.”

मी बहिणीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. शेवटच्या पानातलं वाक्य अक्षरशः तेच होतं, आणि ते म्हणणाऱ्या माणसाने शेवटचं पान बघितलेलं नव्हतं. एक क्षण असा होता की कोणी हसलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं.

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी कामाचा चष्मा काढला आणि सभेचा चढवला.

“म्हणजे हे पुस्तक मुलांच्या हातात गेलंय. हातात काय, तोंडात! प्रौढ विभागाचं पुस्तक! हा शिक्का बघा.”

“शिक्का आत्ताच…” मी म्हणालो.

“बाई,” अध्यक्ष बहिणीला म्हणाले, “नमुन्याच्या प्रती तुमच्या ताब्यात असतात ना?”

बहीण उभी राहिली. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, तो शिपायाचा निघाला.

“सर, ते मुलांचंच पुस्तक आहे. मीच मोठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. मुलांच्या गठ्ठ्यात ठेवलं असतं तर तुम्ही ते वाचलं असतं.”

इतकं खरं वाक्य त्या खोलीत आधी कोणी बोललं नसावं. त्यामुळे ते कोणाला नीट कळलं नाही. कळला फक्त पहिला भाग, आणि तो प्राध्यापकबाईंना लागला.

“मुलांचं?” त्या म्हणाल्या. “मी इतकी वर्षं शिकवते आहे. प्रौढ संहिता कुठली ते मला कळत नाही असं तुमचं म्हणणं आहे?”

“मॅडम, मागे किमतीच्या वर लिहिलंय, ‘वय पाच ते आठ’.”

“ते उपरोधाने आहे.”

बालमानसतज्ज्ञांनी हात पुढे केला. “बघू.” ते वाचायला लागले. एक बिस्कीट होईपर्यंत अर्ध्यावर आले. काकाच्या पानावर त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला. तो त्यांनी रुमालाने पुसला. दुसऱ्या बिस्किटाला पुस्तक संपलं.

“मुलगी चावते,” ते म्हणाले.

“हो,” बहीण म्हणाली.

“तिला शिक्षा होत नाही.”

“नाही.”

“पश्चात्ताप?”

“नाही हो सर, ती सहा वर्षांची आहे.”

“मग हे मुलांच्या हाती देणं घातक आहे. शास्त्रीयदृष्ट्या. आणि पुरावा समोर आहे. एका मुलाने वाचलं आणि ते चावलं.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं, पण कोपऱ्याला हात लावला नाही. “मॅडम म्हणतात तेच बरोबर. हे प्रौढांचंच आहे.”

“एकमत,” अध्यक्ष म्हणाले.

आता मात्र मी बोललो. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, पण एव्हाना ठरलेलं काहीच उरलं नव्हतं.

“डॉक्टर, एक मिनिट. फक्त शेवटचं पान बघा. तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, शब्दन् शब्द तेच त्यातला डॉक्टर म्हणतो. तो मुलीला रागावत नाही. तुम्हीही आत्ता रागावला नव्हतात. जबडा छान आहे म्हणालात. या पुस्तकात एवढंच आहे हो.”

तिघांनी माझ्याकडे अत्यंत समजूतदारपणे बघितलं.

“साहजिक आहे,” अध्यक्ष म्हणाले, आणि शिपायाला कप उचलायला सांगितले.

इतिवृत्त सचिवाने लिहायचं असतं. म्हणजे बहिणीनेच. अध्यक्षांनी सांगितलं आणि तिने लिहिलं: ‘बालविभागात प्रौढ साहित्य मुलांना हाताळू दिल्याचे समितीच्या निदर्शनास आले.’ ती अक्षर फार सुंदर काढते. सभा संपल्यावर आम्ही जिना उतरलो तेव्हा मी काहीतरी धीर देणारं बोलायला तोंड उघडलं.

“दादा,” ती म्हणाली, “तू बिस्किटंच खाल्ली असतीस तर बरं झालं असतं.”

“मी काय वेगळं केलं?”

“काही नाही. तेच म्हणतेय.”

विश्वस्तांना इतिवृत्त मिळालं आणि त्यांनी वर्षअखेरची वाट बघितली नाही. पहिलं सशाचं, आणि आता हे. विभाग मुलांसाठी सुरक्षित राहिला नाही, असं ठरलं. स्टुलं माळ्यावर गेली. ‘नियमांच्या गावा जाऊ’च्या प्रती गठ्ठा न सोडता शेजारच्या शाळेला भेट दिल्या, आणि शाळेने त्या गठ्ठा न सोडता स्वीकारल्या. बहिणीची बदली वरच्या मजल्यावर संदर्भ विभागात झाली. अठराच्या खालच्यांना वर मज्जाव आहे.

‘चावरी’च्या सहा प्रती मात्र रीतसर आल्या. मंजूरच होत्या. सहाही तिच्याच टेबलामागे, कुलपाच्या कपाटात, दोन शब्दकोशांच्या मध्ये आहेत. प्राध्यापकबाईंनी आमच्या पुरवणीला ‘मिटलेलं तोंड, उघडलेले दात’ असा दीड हजार शब्दांचा परिचय लिहून दिला. संपादकांनी तो मलाच तपासायला सांगितला. मी तपासला. त्यात ‘लेखिकेने मुलीचं वय जाणीवपूर्वक लपवलं आहे’ असं एक वाक्य होतं. पहिल्याच पानावर केक आहे, केकवर सहा मेणबत्त्या आहेत. वाक्य मी तसंच ठेवलं. परिचयात ते चालतं. परिचय वाचून दोन अभ्यासक आले, त्यांनी पुस्तक मागवलं, उघडलं आणि चुकीचं पुस्तक दिलं म्हणून परत केलं.

पहिले काही महिने मुलं जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत यायची. बहीण वरून कठड्याशी उभी राहायची. एकदा मी तिथे होतो.

“ताई, चावरी आहे का?”

“आहे.”

“मग द्या ना.”

“मोठे झालात की या.”

“मोठं झाल्यावर कोण वाचतं?” खालून एक मुलगी म्हणाली. तिचा खालचा दात आता पूर्ण आला होता.

नंतर ती मुलं यायची थांबली.

जिन्याखालच्या खोलीत ध्यानकक्ष झाला. भिंती फिक्या निळ्या केल्या, सतरंजीवर पांढऱ्या गाद्या घातल्या, खिडकीला पडदा लावला. उद्घाटनाला अध्यक्ष आत गेले आणि त्यांनी डोकं आपटलं. बघायला कोणी टपलेलं नव्हतं. आतून त्यांनी मौनाच्या महत्त्वावर अर्धा तास भाषण केलं. जागा कमी असल्यामुळे श्रोते बाहेर जिन्यावर उभे होते.

त्यानंतर त्या खोलीत ज्येष्ठ नागरिकांपैकी कोणीही आलेलं नाही. खाली बसलं की त्यांना उठता येत नाही.